मासो गरवता: लेंबे सामुद्रधुनीतल्या नोंदी

५ मे २०२४, पुणे

तिकिटं परत केली. एप्रिलच्या मध्यावर इंडोनेशियातला रुआंग ज्वालामुखी उसळला, ३० तारखेला पुन्हा, आणि राखेपायी मानाडोचा विमानतळ बंद. आम्ही निघणार होतो ते याच आठवड्यात. आता ऑगस्ट. एका अर्थी बरंच झालं. लेंबेला जुलै ते सप्टेंबर पाणी गार असतं आणि तळाशी वावरणारे विचित्र जीव तेव्हाच जास्त सापडतात, असं जाऊन आलेले सगळेच सांगतात.

कामाला नाव दिलंय ‘गरी’. त्याचं मूळ देवगडच्या जेटीवर आहे. शिमग्याला घरी गेले होते, आबा संध्याकाळचे गरवायला बसले होते. नायलॉनची दोरी, गरी, गरीला सुंगटाचा तुकडा. मी शेजारी बसून सांगत होते की एक मासा असा आहे, त्याच्या डोक्यावर काठी असते, काठीच्या टोकाला आमिष, आणि ते हलवून तो दुसरे मासे पकडतो. दोरीवरचं बोट न हलवता आबांनी विचारलं, “मासो मासो गरवता? खुळावलंस काय गो?” फोनवर फोटो दाखवला. फोटोत एक केसाळ गोळा. “ह्यो तर काथो.”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. फोटोत तो काथ्याच दिसतो. म्हणून फोटो नको, चित्रफीत हवी: काठी हलताना, भक्ष्य जवळ येताना आणि जमलं तर गिळताना. दहा दिवस, एक मासा. बाकी जे दिसेल ते वरकड.

११ ऑगस्ट, बितुंग

सिंगापूरमार्गे मानाडो, तिथून गाडीने बितुंग. बंदराचं गाव, टूना आणि चाकालांग माशांचा मोठा धंदा. चाकालांग बांबूच्या चौकटीत बांधून धुरावर भाजतात, रस्त्याकडेला टांगलेला असतो. त्या वासाने प्रवासाचा शीण निम्मा उतरला.

समोर लेंबे बेट, मध्ये सामुद्रधुनी. लांबी साधारण १६ किलोमीटर, रुंदी जेमतेम एक-दोन. विषुववृत्त इथून दीडेक अंशावर. नकाशात बघितलं तर सुलावेसीच्या शेपटीच्या टोकाला पडलेली एक चीर, पण पाण्याखाली फोटो काढणारी माणसं हिच्यासाठी जगभरातून येतात. मालवणला येतात ती प्रवाळ आणि रंगीत मासे बघायला. इथे बघायचा तो चिखल.

गाइड पन्नाशीतला, कमी बोलणारा. मामा-काकाला इकडे ‘ओम’ म्हणतात, मीही तेच म्हणायला लागले. त्याला प्रकल्प समजावून सांगितला. तो हसला आणि म्हणाला, “इकान कोदोक.” बेडूकमासा.

१२ ऑगस्ट
सरावाची डाइव्ह, १६ मी., ५८ मिनिटं, पाणी २६ अंश

काळी वाळू. ज्वालामुखीची, पिठासारखी बारीक. पायातली फिन जरा खाली गेली की धुराचा लोट उठतो आणि मागच्याचा दिवस वाया. पहिली दहा मिनिटं मला दिसलं ते असं: बाटली, चपलेचा तळ, दोरखंडाचा तुकडा, मोजा, पुन्हा बाटली. मनात आलं, याच्यासाठी सव्वा लाख?

मग ओमने त्याची धातूची काठी वाळूत टेकवून थांबायची खूण केली. काठीच्या टोकासमोर एक पान पडलं होतं. पान म्हणजे भुताटकी नळीमासा. घोस्ट पाइपफिश म्हणतात त्याला. डोकं खाली, शेपूट वर, पाण्याबरोबर डोलत. त्याने दाखवूनही मला अर्धं मिनिट लागलं. तिथून पुढे चपलेच्या तळाकडेसुद्धा दोनदा बघितलं. एका खेपेला तळाखाली खेकडा निघालाच.

१३ ऑगस्ट
हेअरबॉल, १४ मी., ६२ मिनिटं

सापडला. जागेचं नावच त्याच्यावरून पडलंय: केसांचा गोळा.

लांबी माझ्या तळहाताहून थोडी कमी, रंग भाकरीच्या करपलेल्या कडेसारखा, अंगावर गडद पट्टे. केस म्हणजे केस नव्हेत, कातडीच्या बारीक झिरमिळ्या. पाण्याच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर सगळ्या एका दिशेला जातात आणि परत येतात. शेजारी शेवाळ धरलेला दगड होता, त्याचे तंतूही त्याच तालावर. डोळा शोधावा लागतो. तोंड वरच्या बाजूला उघडणारं, कोपरे खाली ओढलेले, उधारी बुडालेल्या दुकानदारासारखं. पुढचे पर कोपरात वाकतात आणि त्यांवर तो चक्क टेकून बसतो. पोहत नाही, चालतो. श्वासाचं पाणी बाहेर पडायची भोकं परांच्या मागे लपलेली, म्हणजे श्वास घेतानाही बाहेरून कळू नये.

आणि काठी. पाठीवरच्या पराचा पहिला काटा बदलून झालेली. मिटलेली असते तेव्हा डोक्यावर आडवी पडून असते, लक्षातही येत नाही. टोकाला पांढरट, जाडसर, दोन-तीन शेपट्यांचं गांडूळ. बेडूकमाशांच्या जाती ओळखायला हे आमिषच फार उपयोगी पडतं. कुणाचं कोळंबीसारखं, कुणाचं नुसता गोंडा, या पट्टेवाल्याचं गांडूळ. ते तुटलं तर परत उगवतं. आबांना हे सांगायला हवं, गरी तुटली की ते घरात दोन दिवस कुणाशी बोलत नाहीत.

४० मिनिटं समोर होते. एकदाही हलवली नाही.

१४ ऑगस्ट

दिवसभर पाऊस, एकच डाइव्ह, मासा कालच्याच जागी, काठी मिटलेली. दुपारी बसून हिशेब केला. तो आधीच करायला हवा होता.

१९७९ साली ग्रोबेकर आणि पिएत्श यांनी बेडूकमाशाचं खाणं अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलं. तोंड उघडून भक्ष्य आत ओढायला लागतात साधारण ६ मिलिसेकंद. तोंडाची पोकळी एवढ्यात बारा पटींपर्यंत फुगते, पाणी आत धावतं आणि समोरचा मासा पाण्याबरोबर आत. चावणं नाही, झडप नाही. माझा कॅमेरा सेकंदाला ६० चौकटी घेतो, म्हणजे दोन चौकटींत १६.७ मिलिसेकंद. चित्राचा दर्जा कमी करून १२० केल्या तरी ८.३. सगळा कारभार दोन चौकटींच्या फटीत उरकतो. सहा चौकटी तरी हव्यात तर सेकंदाला हजार लागतील, आणि तो कॅमेरा माझ्या पगाराच्या पलीकडे आहे.

म्हणजे ‘गिळताना’ हा भाग सोडून द्यायचा. उरलं ते काठी हलताना. मनात म्हटलं, गरवणं महत्त्वाचं. गळाला लागलेला मासा आबांनी भरपूर बघितलाय.

दुसरा हिशेब हवेचा. १२ लिटरची टाकी, २०० बार. ५० बार राखून ठेवायचे, उरले १८०० लिटर. १४ मीटरवर दाब २.४ पट. मी हललेच नाही तर मिनिटाला १२ लिटरवर भागतं, म्हणजे तिथे २९. एक तास. हललं की घड्याळ धावतं. तेव्हा मलाही त्याच्यासारखंच पडून राहायला शिकायचंय.

१५ ऑगस्ट
रद्द, ४ मिनिटं

माझीच चूक. सकाळी घाईत हाउसिंगची, म्हणजे कॅमेऱ्याच्या पाणबंद डब्याची, निर्वात चाचणी केली नाही. सहा मीटरवर गजर वाजला, लाल दिवा. कॅमेरा तोंड खाली धरून वर आले. आत चमचाभर पाणी, मागच्या रबरी ओ-रिंगवर आडवा पडलेला एक केस. माझाच. हेअरबॉलला येऊन एका केसाने घात केला म्हणून बोटीवर दिवसभर करमणूक झाली. कॅमेरा वाचला, एक बॅटरी गेली. संध्याकाळभर सगळं उघडून पंख्याखाली. आता केसांना घट्ट फडकं आणि चाचणीशिवाय पाण्यात पाय नाही.

१६ ऑगस्ट
१८ मी., ६० मिनिटं

आज मासा गायब. कारण वरकरणी साधं: आमच्या आधी एक गट तिथे उतरला होता आणि त्यांच्यातल्या कुणीतरी त्याला काठीने ढोसलं. का, तर जांभई हवी होती. बेडूकमाशाची जांभई म्हणजे बहुतेकदा ‘दूर हो’ अशी धमकी असते, फोटो मात्र भन्नाट येतो. आम्ही पोचलो तेव्हा वाळूवर काठीच्या रेघा होत्या, त्यांच्या पुढे त्याच्या पावलांचे ठसे, आणि मग तेही नाहीत. अशा तळाच्या माशांवर फ्लॅशचा आणि हाताळण्याचा काय परिणाम होतो, हे २०१९ च्या एका अभ्यासात तपासलं होतं. त्रास हाताळण्याचाच जास्त, असं निघालं. त्यासाठी अभ्यास लागावा याचंच नवल. ओम रागावला की फक्त भुवई उंचावतो. आज दोन्ही उंचावल्या.

शोधता शोधता करवंटी दिसली. अर्धी नारळाची करवंटी, पालथी. तिच्याखालून दोन डोळे. नारळवाला ऑक्टोपस. आम्ही दोन मीटरवर पोट टेकून थांबलो. तो बाहेर आला, करवंटी उलटी केली, तिच्यात बसला, हात बाहेरून खाली सोडले आणि ताठ केले, नि त्या ताठ हातांवर करवंटी काखोटीला मारून टिपटिप चालत निघाला. चालणं इतकं अवघडलेलं की डोक्यावर हंडा आणि काखेत कळशी घेतलेली बाई आठवावी. पाचसहा फुटांवर दुसरी करवंटी पडली होती. ती त्याने पहिलीवर ओढून घेतली, झाकण लावलं, आत. फटीतून एक डोळा.

२००९ मध्ये शास्त्रज्ञांनी याची नोंद प्रसिद्ध केली तेव्हा बराच गाजावाजा झाला होता, कारण आत्ता निरुपयोगी असलेली वस्तू पुढे लागेल म्हणून वाहून नेणं हे अवजार वापरण्यात मोडतं, आणि बिनकण्याच्या प्राण्याकडून तशी अपेक्षा नव्हती. मला वाटतं, त्यांनी कोकणातलं घर बघितलं नव्हतं. करवंटी टाकून देणारा प्राणीच विरळा.

१७ ऑगस्ट

इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन, दुपारनंतर बोटी बंद. गावात लाल-पांढऱ्या पताका. मैदानात सुपारीचं खोड रोवलं होतं, वरपासून खालपर्यंत तेल-चरबी चोपडलेली, शेंड्याला बक्षिसं टांगलेली. पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढून वर जाणार, घसरून खाली येणार. थेट दहीहंडीच. ओमचा भाचा तिसऱ्या थरावर होता. सातव्या प्रयत्नात वर पोचला आणि त्याच्या हाती लागली एक प्लॅस्टिकची बादली.

सकाळची एक डाइव्ह मात्र झाली, नुडी फॉल्सला, समुद्रपंख्यावरचा बुटका पाणघोडा बघायला. दोन सेंटिमीटर, अंगावरचे फोड पंख्याच्या कळ्यांसारखे. १९६९ मध्ये न्यू कॅलेडोनियात बार्जिबां नावाचा माणूस मत्स्यालयासाठी समुद्रपंखे गोळा करत होता, तेव्हा तो हाती आला, तोही पंख्याला चिकटून आला म्हणून. आमच्या बोटीवर नियम आहे: एकाला पाच फोटो, मग बाजूला. मी दोन काढले. चांगला एकही नाही.

१८ ऑगस्ट
हेअरबॉल, १३ मी., ६६ मिनिटं

सापडला. आधीच्या जागेपासून बराच लांब, एका गाडीच्या टायरला टेकून. तोच की दुसरा? पट्टे जुळवून बघितले, डाव्या गालावरचा तिरका पट्टा तोच आहे.

कॅमेरा छोट्या तिवईवर ठेवला, दिवा मंद केला, मी दीड मीटर मागे. ओमने पाटीवर लिहिलं: ‘सबार’. धीर धर. अरबी सबर, आपली सबुरी. शिर्डीपासून इथपर्यंत शब्द एकच.

एकतिसाव्या मिनिटाला टायरच्या आतून दोन छोटे मासे बाहेर आले. त्याचा डोळा हलला, बाकी काही नाही. मग काठी उठली. अगदी सावकाश, छत्रीची काडी उघडावी तशी पुढे आली, आणि टोकाच्या गांडुळाला झटका बसला. एक. थांबला. दोन लागोपाठ. थांबला, जास्त वेळ. मग एक गोल फिरवणी. काठी हलते म्हणावं तर हलत नव्हती, हलत होतं ते गांडूळ. जिवंत, घाबरलेलं, वाळूत शिरायची जागा शोधणारं. आणि त्याच्या मागचा तो सगळा देह दगड. मी तोंडातल्या रेग्युलेटरमधूनच हसले, बुडबुडे वर गेले, मासे टायरमध्ये पसार. काठी मिटली.

चार मिनिटं अकरा सेकंद मिळाली.

वर आले तर बोटीवर जल्लोष. बाकीच्या तिघांना नकल्या ऑक्टोपस दिसला होता: आधी चपटा होऊन वाळूवरून सोलमाशासारखा गेला, मग हात पसरून सिंहमासा झाला. २००५ मध्ये शास्त्रीय नाव मिळालेला, या सुलावेसीच्याच पाण्यातून प्रकाशात आलेला प्राणी, ज्याच्यासाठी लोक इथे तीन-तीनदा येतात. तो माझ्या पाठीमागे पंधरा मीटरवर होता. मी चहा घेतला आणि विषय बदलला.

१९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. आलो तेव्हा भांगाची भरती होती, पाणी संथ. आज उधाण, आणि सामुद्रधुनीच्या अरुंद फटीतून पाणी नदीसारखं वाहतंय. सकाळी उतरलो आणि दहा मिनिटांत वर आलो. तिवई उभी राहीना.

आबांना फोन केला. इकडे अडीच तास पुढे, ते सकाळच्या चहावर होते. जेटीवर नारळ संध्याकाळी. मी म्हटलं, गरवताना पकडला. “काय पकडलंस, मासो?” नाही, चित्र. “मगे काय खातलंस?”

२० ऑगस्ट
पोलीस पियर, १२ मी., ६४ मिनिटं. शेवटची

ओम म्हणाला, आज धक्क्याच्या आडोशाला जाऊ, तिथे ओढ कमी. गेलो. धक्क्याच्या खांबांपाशी काटेरी समुद्रसाळूंचे ताटवे आणि त्यांच्या काट्यांत बांगाई कार्डिनल, काळ्या पट्ट्यांचे, चांदीचे ठिपके उडवलेले. खरं म्हणजे हा मासा इथला नव्हे, तो बांगाई बेटांचा. मत्स्यालयांच्या व्यापारातून इथे सुटला आणि रुजला. मूळ गावी मात्र पकडून पकडून संकटात आलाय. नर पिल्लं तोंडात सांभाळतो, तो उपाशी.

साळूंच्या कडेला एक बेडूकमासा. केसाळ नव्हे, रंगीत जातीचा, पिवळा, नुसता स्पंजाचा ढेकूळ. ओमने वाळूत काठी रोवून जागा दाखवली आणि स्वतः मागे सरला. तिवई, दिवा, पोटावर. पन्नास मिनिटं. कार्डिनल येत-जात होते. एकदा माशाची काठी निम्मी उठली, परत पडली. हवा ६० बार. ओमने अंगठा वर केला, म्हणजे वर चल. मी एक बोट दाखवलं, एक मिनिट. त्या मिनिटात मला एवढंच दिसलं की साळूच्या बाहेर तीन कार्डिनल आहेत. मग दोन होते.

माशाचं तोंड मिटलेलं. तीच मुद्रा, उधारी बुडाल्याची.

२१ ऑगस्ट, बितुंग

आज पाण्यात जायचं नाही. उद्या विमान, आणि त्याआधी अंगातला नायट्रोजन निघून जायला पूर्ण दिवस सोडायचा. व्हरांड्यात बसून कालची फीत चौकट-चौकट पुढे सरकवली. शेवटच्या मिनिटात ३६०० चौकटी. बोट दुखायला लागलं.

एका चौकटीत तीन मासे, ढेकळाचं तोंड बंद, सगळ्यात जवळचा कार्डिनल त्याच्या ओठांपासून बोटभर. पुढच्या चौकटीत दोन मासे, तोंड किंचित उघडं, कडा जरा पुसट, आणि वाळूचे काही कण हवेत लटकल्यासारखे. तिसऱ्या चौकटीत तोंड बंद. उरलेले दोन कार्डिनल अजून जागचे हललेलेही नाहीत. त्यांना अजून कळायचंय.

ओमला दाखवलं. त्याने तीन वेळा मागे-पुढे करून बघितलं. मग आत जाऊन बायकोला बोलावून आणलं.

७ सप्टेंबर, देवगड

गणपती बसल्यावर दुपारी आबांना लॅपटॉप लावून दिला. खोलीत सगळे होते, पण फीत त्यांच्यासाठी. आधी १८ तारखेची, केसाळाची. पहिल्यांदा “काथो,” म्हणाले. काठी उठल्यावर गप्प. गांडुळाचे झटके सुरू झाले तशी त्यांची मांडीवरची तर्जनी हलायला लागली: एक. थांब. दोन. थांब. माशाच्या बरोबरीने नव्हे, किंचित आधी.

मग ते दोन चौकटींचं. काय झालं ते बघायला त्यांनी चष्मा पुसून घेतला. मी मागे-पुढे करत राहिले. तीन, दोन. तीन, दोन.

“गरी खंय हा?”

गरी नाही, म्हटलं. नुसतं आमिष. आणि ते तुटलं तर परत उगवतं.

यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. आतून मोदकांची पानं आली तेव्हा विचारलं, “नि खावक कसो लागता?”

कोण खात नाही, आबा.

“मगे वाचलो तो.”